चिंगी, बंड्या आणि गॅरेजमधला फ्रीझर

इंग्लंडमधल्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा, लांबट प्राणी, पाळण्याचं कुणाला नवल वाटत नाही. इथल्या खाणकामगारांनी आणि गिरणीकामगारांनी पिढ्यानपिढ्या फेरेट पाळले ते सशांसाठी. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचा, घाबरलेला ससा बाहेर पळतो तो थेट जाळ्यात. हडर्सफील्डला आमच्या शेजारी राहणारे आजोबा आजही हे करतात. त्यांच्या परसात लाकडी खुराडी आहेत आणि आमच्या लेकीने लहानपणापासून कुंपणाच्या फटीतून त्या खुराड्यांकडे बघण्यात तासन्‌तास घालवलेत. तिची मागणी तिथूनच सुरू झाली.

मी आणि नवरा बराच काळ नाही म्हणत होतो, आणि त्याला कारण होतं. आमचं घर पूर्ण शाकाहारी. फेरेट मात्र पक्का मांसाहारी. त्याची आतडी इतकी आखूड असतात की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य, डाळ, भाजी यांतला चोथा पचवण्याची सोयच त्याच्या शरीरात नाही. मांजरासारखंच त्याला टॉरीन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसातूनच मिळतं. म्हणजे पुढची सात-आठ वर्षं आपल्या घरात रोज मांस येणार, हे मान्य असेल तरच पुढे जायचं. पहिल्यांदा फेरेट घ्यायचा विचार करणाऱ्या मराठी घरांतून मला फोन येतात, तेव्हा मी याच मुद्द्यापासून सुरुवात करते. पिंजरा, खेळणी, नाव वगैरे सगळं नंतर.

सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मुंगूस कुणी घरात पाळतं का?" तिने आयुष्यभर शेताच्या बांधावर मुंगूसच पाहिलेलं, त्यामुळे फोटो बघून तिला तसं वाटणं साहजिक होतं. मुंगसाचं कूळ वेगळं. शिवाय तो रानातला प्राणी आहे आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळायला बंदीच आहे. फेरेटचं नातं पाणमांजराशी जवळचं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवलं, त्याचे हे वंशज. पाळलेला फेरेट मोकळ्या रानात सहसा फार दिवस तग धरत नाही, म्हणून पळालेले फेरेट इथे उन्हाळ्यात कुणाच्या तरी बागेत उपाशी सापडतात आणि बचावकेंद्रात पोचतात.

आम्ही फेरेट आणले ते अशाच एका बचावकेंद्रातून, २०२१च्या शरद ऋतूत. दुकानातून किंवा पैदास करणाऱ्याकडून पिल्लू घेता आलं असतं, पण नवख्या घराने पिल्लू घेऊ नये असं माझं ठाम मत झालंय. पिल्लाला दातांचा जोर कळत नाही, त्याचा स्वभाव अजून ठरायचा असतो, आणि सगळं शिकवण्याची जबाबदारी ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यावर येते. मोठा फेरेट कसा आहे ते समोर दिसतं. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी आमची चांगली तासभर उलटतपासणी घेतली. घरी दिवसभर कोण असतं? भारतात गेलात की महिना महिना असता ना, मग यांचं काय? घरात लहान मूल आहे का? आणि शेवटी, तुमचा पशुवैद्य कोण? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर प्राणी मिळणार नाही, हा त्यांचा नियम. मला तो नियम फार आवडला.

कारण कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर फेरेटचा डॉक्टर नसतो. मी आसपासच्या दवाखान्यांत फोन करून ठरावीक प्रश्न विचारायचे. फेरेट नेहमी येतात का? माज थांबवणारं संप्रेरकाचं इम्प्लांट तुम्ही बसवता का? डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाची लस देता का? आणि ऑपरेशनच्या आधी फेरेटला किती वेळ उपाशी ठेवता? हा शेवटचा प्रश्न मला शेजारच्या आजोबांनी सांगितला होता. "रात्रीपासून काही देऊ नका" असं उत्तर आलं की मी आभार मानून फोन ठेवायचे. ज्याचं अन्न तीन-चार तासांत पार होतं त्याला रात्रभर उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर धोकादायक उतरते. एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन-चार तास, आणि आजारी किंवा वयस्क असेल तर त्याहून कमी." आमचा डॉक्टर तिथेच ठरला.

केंद्रात आम्हाला एक जोडी दाखवली. चिंगी, म्हणजे नंतरची चिंगी, पोलकॅटच्या रंगाची, डोळ्यांभोवती काळा पट्टा, वजनाला पाऊण किलोही नसेल. बंड्या तिच्या जवळपास दुप्पट, आणि नाकापासून मानेपर्यंत डोक्यावर रुंद पांढरा पट्टा. बाईंनी बंड्या आमच्याकडे तोंड करून चालत असताना त्याच्या मागे किल्ल्यांचा जुडगा जोरात वाजवला. चिंगी गर्रकन वळली. बंड्याचा कानही हलला नाही. "हा ठार बहिरा आहे," त्या म्हणाल्या, "डोक्यावर असा पट्टा असलेले पुष्कळ फेरेट बहिरे निघतात. त्याला कधीही मागून उचलू नका." दोघं वेगळे द्यायचे नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि आमचीही तीच इच्छा होती. फेरेट एकमेकांना मानेला धरून फरफटवतात, अंगावर उड्या मारतात, बोगद्यातून पाठलाग करतात. तो खेळ माणसाच्या हाताशी खेळायचा म्हटलं तर हाताची चाळण होईल. दोन असले की ती गरज आपापसांत भागते आणि आपल्या वाट्याला प्रेमाचा भाग येतो.

प्राणी आणण्याआधी आम्ही तिघं खोलीत पोटावर पालथे पडून सरपटलो, कारण फेरेटच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. अडीच-तीन सेंटिमीटरची फट असली की डोकं जातं, आणि डोकं गेलं की धड जातंच. धुण्याच्या यंत्रामागची पाइपाची जागा, स्वयंपाकघरातल्या कपाटांखालच्या फळीचा सैल कोपरा, रेडिएटरच्या नळीभोवतालचं भोक, सगळं लाकूड आणि जाळीने बुजवलं. मागे रेलणारी खुर्ची आम्ही देऊन टाकली. तिच्या आत शिरून झोपलेला फेरेट खुर्ची मिटताना चिरडला जातो, असे प्रकार खरोखर घडतात. त्यानंतर रबर. इअरफोनची टोकं, रिमोटची बटणं, स्लीपरचा कडेचा भाग, दार अडवायचा ठोकळा, खोडरबर. फेरेटना रबर आणि फोम चावायला अतोनात आवडतं, आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. लेकीने आपलं दप्तर उघडं टाकायची सवय त्या आठवड्यात मोडली, जी माझ्या बोलण्याने इतकी वर्षं मोडली नव्हती.

पिंजरा दुमजली, तारेचा, आत टांगलेले झोके. टॉवेलचं कापड नको, त्याच्या धाग्यांच्या कड्यांत नखं अडकतात. आईने मुंगसाचा मुद्दा सोडला नव्हता, पण जुन्या सुती साडीची हातभर गोधडी शिवून पार्सलने पाठवली. ती आजही चिंगीची सगळ्यांत आवडती जागा आहे. उसवलेले धागे मी दर धुण्याच्या वेळी कापते, तेवढं सोडलं तर बाजारातल्या कुठल्याही बिछान्याहून ती सरस ठरली.

फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतात. बाकीच्या वेळात मात्र त्यांना पिंजऱ्याबाहेर किमान तीन-चार तास हवेतच. पहाट आणि संध्याकाळ या त्यांच्या जाग्या वेळा, त्यामुळे नोकरी करणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक जमतं. झोप इतकी गाढ असते की पहिल्यांदा बघणारा हादरतो. उचललं, हलवलं, तरी मान लुळी, पाय लोंबते. काही क्षणांनी जांभई येते आणि डोळे उघडतात. केंद्रातल्या बाईंनी हे आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही शांत राहिलो.

शी-शूचं सांगायचं तर फेरेट कोपरा धरतो. उलट्या पावलांनी मागे मागे जात कोपऱ्यात शेपूट टेकवतो. म्हणून ट्रे नेहमी कोपऱ्यात. त्यात मांजरांची गोळा होणारी माती नको, कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या हव्यात. झोपेतून उठल्यावर थोड्याच वेळात ते ट्रेकडे जातात, ते झाल्यावरच पिंजऱ्याचं दार उघडायचं. एवढं करूनही खोलीतल्या एखाद्या कोपऱ्यावर वर्तमानपत्र पसरावंच लागतं. शंभर टक्के कुणाचाच फेरेट शिकत नाही, आणि हे ज्याला चालणार नाही त्याने हा प्राणी घेऊ नये.

वास येतो. हे झाकण्यात अर्थ नाही. तो शेपटीखालच्या ग्रंथींचा असतो असा समज आहे, पण त्या ग्रंथींतून वास सुटतो तो प्राणी घाबरला तर, आणि तोही थोड्या वेळात विरतो. रोजचा वास कातडीतल्या तेलाचा. वारंवार अंघोळ घातली की कातडी कोरडी पडते, शरीर आणखी तेल सोडतं आणि वास वाढतो. आम्ही प्राण्यांना नाही, त्यांच्या अंथरुणांना धुतो, दर आठवड्याला. वास लपवायला खोलीत उग्र सुगंध किंवा स्प्रे वापरायचा नाही, त्यांच्या श्वासनलिका नाजूक असतात. देवघर त्याच खोलीत होतं, ते आम्ही वरच्या मजल्यावर हलवलं, म्हणजे उदबत्तीही चालू राहिली आणि यांनाही त्रास नाही.

आता खाणं, ज्यावर आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलणं झालं.

फेरेटला काय खायला द्यायचं याचे दोन मार्ग आहेत. एक, कोरड्या खाद्याचे दाणे. त्यात पहिला घटक मांस असलाच पाहिजे, प्रथिनं निदान पस्तीस टक्के, चरबी वीसच्या आसपास. कुत्र्याचं खाद्य चालत नाही, धान्याने भरलेलं स्वस्त खाद्य तर अजिबात नाही. दुसरा मार्ग कच्च्या मांसाचा: ससा, उंदीर, कोंबडीचे पंख, आणि एक दिवसाची पिल्लं. आमच्या दोघांना केंद्रात दोन्ही मिळायचं. फेरेट पहिल्या काही महिन्यांत जे खातो तेच अन्न म्हणून ओळखतो, पुढे नवीन काही तोंडात घ्यायला तो सहज तयार होत नाही. त्यामुळे आमच्या सोयीसाठी त्यांचं जेवण बदलायचा प्रश्न नव्हता. कोरडे दाणे काय, मांसच. फक्त ते दिसत नाही. मग दिसणारं मांस नाकारून न दिसणारं चालवून घेणं मला पटेना.

आम्ही गॅरेजमध्ये छोटा फ्रीझर घेतला. त्याचे चिमटे, डबे, हातमोजे, घासणी सगळं तिथेच राहतं, घरात येत नाही. गोठवलेली पिल्लं पिशवीत मिळतात, पिवळी, मऊ, डोळे मिटलेली. अंड्यांसाठी कोंबड्या वाढवणाऱ्या उद्योगात नर पिल्लांचा उपयोग नसतो, म्हणून ती जन्मल्या दिवशीच मारली जातात आणि त्यातली पुष्कळशी अशा प्राण्यांच्या पोटात जातात. नवऱ्याने हे वाचलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. तो केकमधलं अंडं चालवून घ्यायचा. त्या दिवसापासून त्याने ते सोडलं, पण फेरेटना पिल्लं द्यायला विरोध केला नाही. "मी काय खायचं ते माझ्या हातात आहे," तो म्हणाला, "त्यांच्या हातात काय आहे?" आमच्या घरातला वाद तिथे संपला.

पहिलं पिल्लू मीच दिलं. रात्रभर झाकलेल्या डब्यात वितळू दिलेलं, चिमट्याने धरून. बंड्याने ते चिमट्यातून ओढलं, पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात नेलं आणि डोक्यापासून सुरुवात केली. कवटी फुटल्याचा बारीक करकर आवाज आला. पिसं, हाडं, चोच, सगळं गेलं. चटईवर फक्त पिवळ्या बलकाचा डाग उरला. मला वाटलं होतं की मला मळमळेल. तसं झालं नाही. इतकं मन लावून जेवणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून त्यांचं जेवण बघायला मी थांबते, कारण तब्येतीची पहिली खबर तिथेच मिळते.

एक मात्र पाळावंच लागतं. फेरेट अन्न साठवतात. खोलीत मोकळे असताना मांस दिलं तर ते कपाटामागे जाईल आणि तिथेच सडेल. मांस नेहमी बंद पिंजऱ्यात, आणि दिवसातून दोनदा अंथरुणाखाली हात घालून तपासणी. आई दर फोनला विचारायची, "दूध-भात देऊन बघ की गं." दूध त्यांना पचत नाही, जुलाब होतात. मनुके, केळं, बिस्किट यांतलं काहीही नाही. कधीतरी अंड्याचा बलक किंवा बोटावर थोडं माशाचं तेल, एवढीच चैन. त्या तेलाचा उपयोग नखं कापायला होतो: पोटावर दोन थेंब टाकायचे, फेरेट ते चाटण्यात गुंगतो, तेवढ्यात चारही पायांची नखं होतात.

चावण्याची भीती सगळ्यांना असते. चिंगी पहिल्या दिवसापासून चावली नाही. बंड्या चावायचा, पण कधी चावतो ते लक्षात आल्यावर त्याच्याबद्दल राग उरला नाही. त्याला आपण येताना ऐकू येत नाही. अचानक अंगावर हात पडला की तो घाबरून दात रोवतो. म्हणून त्याच्या जवळ जायच्या आधी आम्ही जमिनीवर तळव्याने दोन थापा मारतो. लाकडी फरशीतून ते हादरे त्याला समजतात, तो मान वर करतो, आपला हात आधी हुंगतो आणि मगच पाठ देतो. काही आठवड्यांत त्याचं चावणं थांबलं. खेळाच्या भरात चावणाऱ्या फेरेटचा उपाय वेगळा: त्याला मारायचं नाही, ओरडायचं नाही आणि चावल्याबरोबर खालीही ठेवायचं नाही, नाहीतर चावलं की सुटका होते हे तो शिकतो. थोडा वेळ शांतपणे धरून ठेवायचं, मग दोन मिनिटं एकटं छोट्या पेटीत. घरातल्या सगळ्यांनी तेच करायला हवं. एक जण लाड करणार आणि दुसरा शिस्त लावणार असं चालत नाही.

आणि त्यांचा आनंद! पिंजरा उघडला की चिंगी पाठीची कमान करते, तोंड उघडं, चारही पाय एकदम उचलून आडव्या उड्या मारत भिंतीवर आपटते, उलटते, पुन्हा उड्या. ती तेव्हा खुडूक कोंबडीसारखा बारीक "कुडकुड" आवाज काढते. घरातलं कुणी दमून आलेलं असो, हे बघितल्यावर बसून राहू शकत नाही. तिला मोज्यांचा सोस आहे. धुतलेले नकोत, घातलेलेच हवेत. सोफ्यामागे तिचा ढीग असतो आणि तो ढीग उपसला की ती एकेक मोजा मुकाट पुन्हा नेऊन ठेवते.

मार्च उजाडला तसा फेरेट पाळण्यातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग समोर आला. या प्राण्याचं शरीर उजेडावर चालतं. दिवस मोठा व्हायला लागला की मादी माजावर येते, योनीमुख सुजून ठळक दिसतं. आणि नराशी संग झाल्याशिवाय तिच्यात बीजांड सुटत नाही, माज उतरत नाही. तो पार शरद ऋतूपर्यंत चालू राहू शकतो. त्या सगळ्या काळात रक्तात इस्ट्रोजेन वाढलेलं राहतं, ते हाडांच्या आतल्या मगजावर परिणाम करतं, नवं रक्त तयार होणं मंदावतं आणि मादी पंडुरोगाने मरते. नवख्या माणसाच्या घरी असं होऊ शकतं आणि त्याला कळतही नाही, कारण सुरुवातीला ती खेळत असते.

शेजारच्या आजोबांची जुनी पद्धत म्हणजे नसबंदी केलेला नर ठेवायचा. तो संग करतो, माज उतरतो, पिल्लं होत नाहीत. काही डॉक्टर त्यासाठी इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेने अंडाशय काढण्याची रीत पूर्वी सर्रास होती आणि अजूनही आहे, पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यातला धोका समजावून सांगितला. ग्रंथी काढली तरी मेंदूकडून येणारा हुकूम थांबत नाही. तो मूत्रपिंडाशेजारच्या ॲड्रिनल ग्रंथीला जाऊन भिडतो, ती वाढते, काही वर्षांनी शेपटीपासून केस गळायला लागतात, पुढे गाठ होते. डेस्लोरेलिन या कृत्रिम संप्रेरकाचं इम्प्लांट हा हुकूमच बंद करतं. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी कांडी, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवतात. चिंगीला थोडी गुंगी दिली आणि घरी यायला दुपार झाली. पहिले काही दिवस उलट माज आल्यासारखं दिसतं, नंतर सगळं शांत होतं. परिणाम साधारण दीड-दोन वर्षं टिकतो. मी त्याची तारीख देवाच्या कॅलेंडरवर, गुढीपाडव्याच्या पानावर लिहून ठेवते, कारण तेव्हाच दरवर्षी तिच्याकडे बारकाईने बघायचं असतं. बंड्यालाही इम्प्लांट आहे. माजावरचा नर अंगाने पिवळट तेलकट होतो, त्याचा वास पडद्यांत बसतो आणि तो चिंगीला मान धरून रक्त येईपर्यंत ओढेल. ते टळलं.

डिस्टेंपरची लस टाळू नये. कुत्र्यांचा हा रोग फेरेटला झाला तर तो जवळपास कधीच वाचत नाही. आमच्या डॉक्टर कुत्र्यांसाठी असलेली लस त्यांना देतात आणि दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसवतात, कारण काहींना लगेच ॲलर्जी येते. याच रोगाच्या संशोधनासाठी लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये फेरेट पाळले होते, आणि १९३३ मध्ये तिथेच विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू फेरेटच्या मदतीने वेगळा काढला. पुढे फेरेटच्या शिंकेतून एका शास्त्रज्ञालाही फ्लू झाला. म्हणजे हा रोग दोन्ही दिशांनी जातो. आमच्याकडे कुणालाही ताप-खोकला असला की त्या माणसाने त्या खोलीत जायचं नाही. लेक फ्लूने आजारी होती तेव्हा ती काचेच्या दारापलीकडे बसून त्यांच्याकडे बघायची. तोंडाला मुखपट्टी बांधून मीच सगळं करत होते.

१९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पारा चाळीस अंशांच्या वर गेला. फेरेटला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, आणि तिशीच्या आसपासच त्याला उष्माघात होऊ शकतो. पडदे ओढले, स्वयंपाकघरातल्या दगडी फरशीवर त्यांचं अंथरूण हलवलं, पाण्याच्या बाटल्या गोठवून कापडात गुंडाळून शेजारी ठेवल्या. बंड्या बाटलीवर पोट टेकवून झोपला. आजोबांनी त्यांची खुराडी सावलीत ओढून वर ओली पोती टाकली होती, दर तासाला पाणी शिंपडत होते. नुसता पंखा लावून भागत नाही, कारण ज्याला घाम नाही त्याला वाऱ्याने गारवा मिळत नाही.

बंड्याचं वय आम्हाला नेमकं माहीत नाही. गेल्या वर्षी एका सकाळी तो पिंजऱ्यातून बाहेर आला, उभा राहिला आणि काही न बघता समोर टक लावून राहिला. तोंडातून लाळ, पुढचा पंजा तोंडावर घासत होता, मागचे पाय फेंगडे पडत होते. हे इन्सुलिनोमाचं लक्षण आहे हे आम्हाला माहीत होतं. स्वादुपिंडात बारीक गाठी होतात, त्या गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतात, रक्तातली साखर घसरते. मध्यमवयाच्या फेरेटमध्ये हा आजार पुष्कळ दिसतो. लेकीने हिरड्यांवर बोटाने मध चोळला, आत ओतला नाही, कारण शुद्धीत नसलेल्या प्राण्याच्या घशात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं. तो भानावर आल्याबरोबर मांसाची पातळ पेज दिली आणि थेट दवाखाना गाठला. रक्तातली साखर खूपच खाली निघाली. आता त्याला रोज दोन वेळा प्रेडनिसोलोनची गोळी आणि दर चार तासांनी मांस. गोड काही नाही, कारण साखर दिली की इन्सुलिन आणखी उसळतं. रात्री दोनच्या जेवणाची पाळी नवरा सांभाळतो. तो गॅरेजमध्ये जातो, हातमोजे घालतो, खिमा कोमट पाण्यात कालवतो. फरशीवर दोन थापा मारतो आणि बंड्या खाऊन होईपर्यंत शेजारी बसतो.

या डिसेंबरात आम्हाला सांगलीला जायचंय, भाच्याचं लग्न आहे. एवढ्या औषधोपचाराच्या प्राण्याला अनोळखी ठिकाणी ठेवायला मी तयार नव्हते. तिघांपैकी एकाने थांबावं असं आधी ठरत होतं. मग आजोबांनीच सांगितलं की ते त्यांच्या मुलाला घेऊन आमच्या घरी राहायला येतील. आता रविवारी संध्याकाळी ते येतात आणि बंड्याला गोळी देण्याचा सराव करतात. गोळीची पूड माशाच्या तेलात कालवायची, चमच्याच्या टोकावर धरायची. चिंगीचं इम्प्लांट मार्चपर्यंत पुरेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरी जाण्याआधी दोघांची तपासणी करून घेणार आहोत. फ्रीझरच्या दारावर मी वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लावलंय, खाली दवाखान्याचा रात्रीचा नंबर आणि मधाची बाटली कुठल्या कप्प्यात आहे ते. आईने कालच फोनवर विचारलं, दोघांसाठी नवी गोधडी शिवू का एकेकाची वेगळी. मी सांगितलं, एकच शिव, मोठी. ते एकत्रच झोपतात.